पाटीवर लिहिलंय 'एक दुपार'

दुसऱ्या दालनात, खिडकीकडे पाठ करून
माझी खुर्ची आहे. समोर ते चित्र.
अकरा वर्षं आम्ही एकमेकांवर पाळत ठेवून आहोत.

पाटी म्हणते: समुद्राकाठची बाग, एक दुपार.
चित्रकार अज्ञात. कॅनव्हासवर तैलरंग.
शाळेच्या सहली घेऊन येणाऱ्या बाई म्हणतात, प्रकाश बघा, प्रकाश!
आणि सगळे बघतात, मान तिरकी करून,
रश्श्याची चव घेतल्यासारखे.
दोन पावलं मागे, की गुलाबी डागांचा गुलखैरा होतो.
दोन पावलं पुढे, की गुलखैऱ्याचे पुन्हा डाग.
फळ्या तेवढ्याच पट्ट्यात झिजल्यात.

गुरुवारी प्रवेश फुकट.
गुरुवारी ओनेझिम लकाशू येतो,
चाळीस वर्षं या नॉर्मंडीच्या थंड पाण्यातून
शंखांच्या टोपल्या वर ओढलेला.
टेकडीवरच्या इस्पितळात त्याची बायको, एर्मांस.
भेटीची वेळ तीनची. तोवर इथे ऊब असते.

एकदा टोपी न काढताच म्हणाला,
"बाई, हे खोटं आहे."
मी उठलेच.
त्यानं बोट पुढे केलं
(हात लावू नका, मी म्हटलं, सवयीनं).
"ती शिडं बघा. पोटं पूर्वेला. म्हणजे वारा पश्चिमेचा.
आता हिची छत्री. ही झटतेय ती
जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याशी. मतलई. पहाटेचा.
आणि आगबोटीचा धूर? सरळ वर. म्हणजे वाराच नाही.
एका दुपारी तीन हवा!
असल्या समुद्रात मी होडी लोटणार नाही."

मी चित्रकाराची बाजू घेतली. का, कोण जाणे.
प्रकाश पळतो, म्हटलं, हात घाईत असतो.
तो म्हणाला, मग लिहा ना तसं,
चार सकाळी, दोन संध्याकाळी,
मध्ये पावसानं खाल्लेला आठवडा.

मला वाटायचं, ती पांढऱ्या झग्यातली बाई
त्या शिडांमधल्या कुणाची तरी वाट बघतेय.
"छे. तिला ऊन लागतंय," ओनेझिम म्हणाला.
"आणि हा?"
कोण हा?
"हा काय, झाऊच्या कुंपणापाशी."

निळ्याचे तीन फटकारे.
अकरा वर्षं मी त्याला सावली समजत होते.

"कंबर वाकलेली. टोपली टेकवलेली.
खाऱ्या वाऱ्यात गुलखैरा आपसूक येत नाही, बाई.
ओहोटीला जाऊन कुणीतरी शेवाळ ओढून आणतं,
कुजवतं, मुळाशी घालतं.
घाण वास सुटला असणार तिथं.
म्हणून तर तिनं तोंड समुद्राकडे केलंय."

मी हसले. दालनात हसायचं नसतं.

त्या रात्री बंद करण्याआधी
विजेरी अगदी जवळ नेली.
निळ्याच्या खाली, रंगात रुतलेला,
वाळूचा एक कण.
म्हणजे इथेच उभा होता तो, आमच्या किनाऱ्यावर,
रोज यायचा, तोच स्टूल, तीच वाळू बुटांत,
आणि ज्या दिवशी जो वारा मिळेल तो
कालच्या वाऱ्यावर चढवायचा.
काय संपू द्यायचं नव्हतं त्याला?
बाग? की ती बाई? की तो निळा माणूस,
ज्याचं तोंडसुद्धा काढायला त्याला फुरसत झाली नाही?
पाटी यावर गप्प आहे.

मग तो गुरुवार आला.
ओनेझिम नेहमीसारखा आला, ओला,
चित्रापुढे उभा राहिला.
तीनचे ठोके पडले.
तो हलला नाही.
सव्वातीन.
मी काही विचारलं नाही. माझी खुर्ची
त्याच्या पायांमागे सरकवली, नियमात बसत नाही,
आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले.

बराच वेळानं तो म्हणाला,
"आज शिडं जरा जास्त फुगलीत, नाही?"

मी बघितलं.
हो, म्हटलं. फुगलीत.